ऑइल नक्की कुठून गळतंय? पावडर मारा, कळेल

गाडीखाली ऑइलचे डाग दिसतात पण लीक कुठून आहे ते समजत नाही, आणि मेकॅनिक अंदाजाने एकेक पार्ट बदलत बसतो. त्यापेक्षा हे घरी करून बघा.

१. आधी रात्रभर गाडीखाली पुठ्ठा टाका. आपल्याकडच्या दमट हवेत एसीचं पाणी भरपूर ठिबकतं, ते साधं पाणी असतं. हिरवं किंवा गुलाबी असेल तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव). तपकिरी-काळं चिकट असेल तर बहुधा इंजिन ऑइल.

२. इंजिन थंड असताना ऑइलवर चिकटून बसलेला तांबड्या मातीचा थर डीग्रीझर (तेलकट मळ काढायचं द्रावण) आणि जुन्या ब्रशने काढा, फडक्याने कोरडं करा. प्रेशरचं पाणी नको, वायरींच्या कनेक्टरमध्ये गेलं की नवीन कटकट.

३. संशय असेल तिथे टाल्कम पावडर हलकी भुरभुरा. बेल्ट आणि अल्टरनेटरवर (बॅटरी चार्ज करणारा भाग) मात्र नको.

४. पाऊस नसेल तेव्हा पंधरा-वीस किमी चालवून आणा, एखादा चढ असला तर उत्तमच. मग बॉनेट उघडून बघा, पांढऱ्या पावडरीत ऑइलची काळी रेघ उठून दिसते.

ऑइल वरून खाली येतं आणि वाऱ्याने मागे पसरतं, त्यामुळे डाग खाली दिसला तरी सगळ्यात वरची ओली जागा शोधा, बऱ्याचदा टॅपेट कव्हरचं (इंजिनच्या वरच्या झाकणाचं) गॅस्केट (सील) दोषी निघतं, म्हणजे त्यातल्या त्यात स्वस्तात सुटलात. फोटो काढून मेकॅनिकला दाखवा.

तोवर डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) रोज बघा. लेव्हल मिनिममच्या खाली असेल किंवा ऑइलचा लाल दिवा लागला तर घाट चढायचं धाडस करू नका, इंजिन लगेच बंद.