बायबलचं वचन आपल्याला जसं कळलं, तसं दुसऱ्याला कसं सांगावं

मुंबईतल्या कितीतरी ख्रिस्ती घरांत दारावर किंवा टीव्हीच्या बाजूला यिर्मया 29:11 (बायबलात यिर्मया या संदेष्ट्याचं पुस्तक आहे, त्यातला 29वा अध्याय, 11वं वचन) फ्रेम करून लावलेलं दिसतं. देवाच्या मनात आपल्याविषयी हिताचे संकल्प आहेत, अनिष्टाचे नाहीत, असा त्याचा आशय. घरगुती प्रार्थनेत अर्थ सांगायची पाळी आपल्यावर आली आणि नेमकं हेच वचन निघालं, तर तयारी कशी करायची ते पाहू.

आधी अख्खा अध्याय वाचा, शक्यतो मोठ्याने. जमलं तर मागचाही. 29वा अध्याय म्हणजे एक पत्र आहे. बाबेलच्या नबुखद्नेस्सर राजाने इ.स.पू. 597 मध्ये धरून नेलेल्या यहूदी लोकांना यिर्मयाने ते यरुशलेमहून बाबेलला धाडलं. 28व्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा छातीठोकपणे सांगतो की दोन वर्षांत सगळे परत येतील. यिर्मया उलट कळवतो: घरं बांधा, मळे लावा, मुलांची लग्नं करा, ज्या नगरात आहात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. परत यायला 70 वर्षं आहेत. हे दहाव्या वचनात येतं आणि त्याला लागूनच आपलं अकरावं. म्हणजे हे पत्र ऐकणाऱ्या बहुतेक मोठ्या माणसांचे डोळे बाबेलातच मिटणार होते, आणि तरी वचन त्यांनाच दिलेलं होतं. एवढं सांगितल्याशिवाय या वचनाचा अर्थ सांगूच नये, असं माझं ठाम मत आहे. नोकरी गेलेल्या माणसाला याच वचनाच्या आधारावर ‘दोन महिन्यांत सगळं ठीक होईल’ म्हणणं, हे हनन्याचं बोलणं झालं.

मग एक कागद घ्या आणि मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे पानावर जे लिहिलंय ते, वचनाच्या आकड्यासह. उजवीकडे त्यावरून आपल्याला जे वाटतं ते. डावीकडे येईल: ‘नगराच्या हितासाठी झटा, 29:7’. उजवीकडे मी लिहीन: ‘इथे काय, कायमचं थोडंच राहायचंय’ म्हणत वर्षानुवर्षं मुंबईत राहणाऱ्याने चाळीच्या मीटिंगला जावं, शेजाऱ्याच्या आजारपणात धावावं. मला हे मनापासून पटतं, पण ते माझं आहे, यिर्मयाने चाळीबद्दल काही लिहिलेलं नाही. बोलतानाही ही रेघ ऐकू आली पाहिजे. ‘इथे असं लिहिलंय’ आणि ‘यावरून मला असं वाटतं’ ही दोन वाक्यं वेगळी ठेवा. उजव्या बाजूच्या गोष्टीला ‘देव तुम्हाला सांगतोय’ असं कधीच म्हणू नका. समोरच्याला मग प्रश्न विचारायची सोयच राहत नाही.

प्रत्यक्ष बसल्यावर लगेच सांगायला लागू नका. बायबलातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात, आठव्या अध्यायात, फिलिप्प हा ख्रिस्ताचा प्रचारक रथात यशया संदेष्ट्याचं पुस्तक वाचणाऱ्या अधिकाऱ्याला आधी विचारतो, वाचता ते समजतंय का? आणि तो जो उतारा वाचत होता तिथूनच सुरुवात करतो. आपणही विचारावं, ‘काकू, हे वचन तुम्ही घरात का लावलंत?’ उत्तर बहुतेक वेळा एखाद्या ऑपरेशनचं, नाहीतर घराच्या कोर्टकेसचं निघतं. ते शांतपणे ऐकून घ्या. काकूंचा आधार काढून घेणं हे आपलं काम नाही. देव विसरलेला नाही, हे या पत्रात आहेच. तारीख मात्र आपल्या सोयीची नाही, एवढंच आपण जोडायचं.

सगळ्यांची बायबलं उघडी असू द्या. अध्याय आणि वचन सांगा, पान सापडेपर्यंत थांबा. त्याच पुस्तकातले बिरुया नगराचे लोक तर प्रेषित पौलाचं बोलणंही रोज शास्त्रात तपासून पाहत, आणि त्यांचं कौतुकच झालंय. आपल्याकडे एकाच खोलीत कॅथलिक आणि प्रोटेस्टंट मंडळी बसतात. कॅथलिक बायबलात 73 पुस्तकं, प्रोटेस्टंट बायबलात 66. तोबीत किंवा मक्काबी ही पुस्तकं फक्त कॅथलिक बायबलात आहेत, त्यांतून काही सांगणार असाल तर आधीच तसं सांगा, नाहीतर अर्धे लोक पानं उलटत बसतात. शेजारचं कुणी हिंदू कुटुंब आलं असेल तर ‘बंदिवास’, ‘तारण’ असे शब्द एकेका साध्या वाक्यात उलगडा.

कुणी म्हणालं, ‘पाळकसाहेब तर वेगळं सांगतात’, तर वाद घालू नका. कोणत्या वचनावरून सांगतात ते विचारा आणि सगळे मिळून ते वाचा. उत्तर येत नसेल तर पुढच्या वेळी पाहून सांगतो म्हणा, आणि खरंच पाहून या.

पंधरा-वीस मिनिटं पुरे. लोक ऑफिस आणि लोकलमधून थेट आलेले असतात. उठण्याआधी एखाद्याला त्याच्या शब्दांत सांगायला लावा, काय कळलं? ‘इतकी वर्षं परक्या मुलखात काढायची होती, तरी देवाने त्यांना टाकलं नव्हतं’ असं आलं तर झालं. ‘म्हणजे आमच्या मुलाला यंदा नोकरी लागणार’ असं आलं, तर दहावं वचन पुन्हा उघडा, आणि या वेळी ते त्यांनाच वाचू द्या.