जपानमध्ये बोटीचं लायसन्स काढायचंय? आधी ती एक चौकट टिक करा

गेल्या महिन्यात ओळखीतल्या दोघांनी एकाच आठवड्यात विचारलं, "तुझ्याकडे बोटीचं लायसन्स आहे ना, काय काय लागतं गं?" दोघांना फोनवर तेच पुराण सांगून घसा बसला, म्हणून आता एकदाच लिहून टाकते. आणि लिहिण्याचा हक्क मला आहे, कारण हे काम मी पहिल्या खेपेला पद्धतशीर बिघडवलं होतं. परीक्षा नाही हो, परीक्षेपर्यंत पोचलेच नाही. एका कागदावर अडकले. तो कागद म्हणजे जूमिनह्यो, पत्त्याचा सरकारी दाखला, आणि खाली तो तुम्हाला इतक्या वेळा दिसेल की वैताग येईल, येऊ दे.

पहिल्यांदा हे ठरवा की नक्की काय चालवायचंय. निक्यू म्हणजे दुसरा वर्ग, किनाऱ्यापासून पाच सागरी मैल, म्हणजे साधारण नऊ किलोमीटर. इक्क्यू म्हणजे पहिला वर्ग, त्याला अंतराची मर्यादा नाही, पण त्यात नकाशावर रेघा मारायचं काम वाढतं. दोन्ही वीस टनांखालच्या बोटींसाठी. तोक्यो बेमध्ये मासे धरायचे, मित्रमंडळींना घेऊन फेरी मारायची, एवढंच असेल तर निक्यू पुरे, उगाच हौसेने इक्क्यूला नाव घालू नका. जेट स्कीचं वेगळं. २००३ साली नियम बदलले तेव्हापासून त्याचं तोकुशू नावाचं स्वतंत्र लायसन्स आहे आणि इक्क्यूवालासुद्धा त्याशिवाय जेट स्की चालवू शकत नाही, हे बऱ्याच जणांना किनाऱ्यावर गेल्यावर कळतं. तीन मीटरपेक्षा लहान आणि दीड किलोवॅटच्या आतलं इंजिन असलेल्या टिल्लू बोटीला लायसन्स लागत नाही, पण त्यात बसून लाटांवर जायची माझी तरी छाती नाही.

मग रस्ता निवडा. एक, बोट शिकवणाऱ्या शाळेत जाऊन कोर्स करायचा आणि शेवटची परीक्षा शाळेतच द्यायची, तिथे सरकारी परीक्षेतून सूट मिळते. दोन, स्वतः अभ्यास करून सरकारी परीक्षेला बसायचं, म्हणजे खर्च कमी आणि धाकधूक जास्त. ज्याला जपानी बरं येतं आणि पुस्तक घेऊन बसायची सवय आहे त्याने दुसरा घ्यावा. बाकीच्यांनी मुकाट पैसे मोजावेत. मी शाळा घेतली. रस्ता कुठलाही घ्या, जूमिनह्यो लागतोच.

आता तो कागद. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी, जूमिनह्यो म्हणजे तुमच्या राहत्या पत्त्याचा सरकारी दाखला, कुयाकुशोत म्हणजे वॉर्ड ऑफिसात मिळतो. जपानात राहणाऱ्या प्रत्येकाने तो दहा वेळा काढलेला असतो, घर भाड्याने घेताना, बँकेत, सगळीकडे. म्हणून आपण बेफिकीर असतो. मीही होते. शाळेच्या माहितीपत्रकात लिहिलं होतं, "होनसेकि असलेला जूमिनह्यो, माय नंबर नसलेला." (माय नंबर म्हणजे इथला बारा आकडी सरकारी ओळख क्रमांक.) मी वाचलं आणि माझ्या हुशार डोक्याने ठरवलं की होनसेकि म्हणजे जपानी माणसाच्या मूळ कुटुंबनोंदीचा पत्ता, तो फक्त जपानी नागरिकांना असतो, मी भारतीय, मला होनसेकि नाहीच, म्हणजे ही ओळ माझ्यासाठी नाही. विषय संपला. कुयाकुशोतल्या फॉर्मवर खालच्या बाजूला छोट्या चौकटी असतात, कुटुंबप्रमुखाचं नाव हवं का, नातं हवं का, होनसेकि हवं का, आणि परदेशी लोकांसाठी कोकुसेकि म्हणजे राष्ट्रीयत्व हवं का, व्हिसाचा प्रकार हवा का, झाइर्यू कार्डाचा, म्हणजे परदेशी लोकांच्या रहिवासी ओळखपत्राचा, नंबर हवा का. मी एकाही चौकटीवर टिक केली नाही. तीनशे येन भरले, शिक्का मारलेला कोरा करकरीत कागद घेतला आणि खुशीत बाहेर आले.

तो परत आला. कारण परदेशी माणसासाठी होनसेकिच्या जागी कोकुसेकि हवं असतं. म्हणजे तुमच्या कागदावर "भारत" हा शब्द छापलेला हवा. माझ्या कागदावर नाव होतं, पत्ता होता, जन्मतारीख होती, पण देशच नव्हता. फोनवरची बाई अतिशय गोड आवाजात तीन वेळा माफी मागून म्हणाली की या कागदावर आम्ही तुमचं नाव पुढे पाठवू शकत नाही. मी म्हटलं, अहो पासपोर्टची कॉपी पाठवते, झाइर्यू कार्ड पाठवते, त्यावर इंडिया लिहिलंय की. नाही, जूमिनह्योवरच हवं. दुसऱ्या खेपेला मी घाईघाईत गेले आणि "सगळ्याच टिक करा" असं सांगितलं, तर त्यात माय नंबरही छापून आला. तोही परत, कारण माय नंबर असलेला कागद ते घेतच नाहीत. मधे शनिवार-रविवार, वर सलग सुट्ट्या, आणि माझी ठरलेली बॅच निघून गेली. पुढच्या बॅचला जागा नाही. त्याच्या पुढच्या बॅचपर्यंत उन्हाळा संपला होता, जो मी मिउराच्या किनाऱ्यावर घालवणार होते.

तर पुन्हा सांगते. कोकुसेकि हवं. माय नंबर नको. हे दोनच शब्द हातावर पेनाने लिहून जा हवं तर. कोंबिनितल्या, म्हणजे कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानातल्या, यंत्रावरून काढत असाल तर तिथेही प्रत्येक स्क्रीनवर "दाखवायचं" की "नाही दाखवायचं" असं विचारतात, रात्री अकराला यंत्र बंद होईल म्हणून घाईत दाबत सुटू नका, एकेक वाचून दाबा. कागद हातात आला की तिथल्या तिथे, काउंटरवरून हलायच्या आधी, देश छापलाय का बघा. बारा आकडी नंबर कुठे दिसतोय का बघा. मग पिशवीत टाका.

नावाचं आणखी एक, हे खास आपल्यासाठी. आपल्या पासपोर्टात बहुतेकांचं वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव स्वतःच्या नावाच्या पोटात असतं, त्यामुळे जूमिनह्योवर आधी आडनाव, मग आपलं नाव, मग वडिलांचं, असं लांबलचक इंग्रजी अक्षरांत छापलेलं असतं. शाळेचा फॉर्म भरताना ते जसंच्या तसं उतरवा. मधलं नाव गाळून "इतकं कशाला" असं करू नका. नावाचा उच्चार काताकाना लिपीत विचारतात, तोही बँकेत जसा आहे तसाच ठेवा, "मोहिते"चं एकदा मोहिते आणि एकदा मोहिटे झालं की पुढे निस्तरत बसाल. पत्ता बदलला असेल तर आधी कुयाकुशोत नवीन पत्त्याची नोंद (चौदा दिवसांत करायची असते, करता ना?), मग जूमिनह्यो. आणि त्यावर कोकुसेकि, हो.

फोटो, साडेचार बाय साडेतीन सेंटिमीटर. चष्मा, घेऊन जा. दोन्ही डोळ्यांची नजर तपासतात, चष्म्यासकट चालते. लाल-हिरवा-पिवळा ओळखता यायला हवा, हे का ते वेगळं सांगायला नको, रात्री समोरून येणाऱ्या बोटीचा लाल दिवा दिसतोय की हिरवा यावर सगळं ठरतं.

लेखी परीक्षा. पन्नास प्रश्न, सत्तर मिनिटं, चार पर्याय. तीन भाग असतात, चालकाची कर्तव्यं, रहदारीचे नियम आणि प्रत्यक्ष बोट चालवण्याचं ज्ञान. प्रत्येक भागात निम्मे तरी बरोबर हवेत आणि एकूण पासष्ट टक्के, म्हणजे पन्नासातले तेहतीस. कांजीची भीती असेल त्यांनी जुन्या प्रश्नपत्रिका सोडवाव्यात, शब्द तेच तेच फिरतात, पन्नासेक शब्द पाठ झाले की निम्मी भीती जाते. मी रोज तोझाई लाइनमध्ये निशी-कासाईपासून ओतेमाचीपर्यंत उभ्याने एक प्रश्नपत्रिका सोडवायचे. उभ्याने, कारण त्या गाडीत सकाळी बसायला मिळालं तर लॉटरीच.

इथे एक धोका आहे जो कुणी सांगत नाही. माझे काका रत्नागिरीला मिरकरवाड्यावरून ट्रॉलरवर जायचे, त्यांच्याकडून लहानपणी ऐकलेलं एकच ज्ञान माझ्याकडे होतं, बंदरात शिरताना लाल बोया, म्हणजे वाट दाखवणारी तरंगती खूण, डावीकडे. ते भारतात अगदी बरोबर आहे. जपानात उलटं! जगाचे बोयांच्या बाबतीत दोन भाग आहेत, भारत अ विभागात आणि जपान ब विभागात, म्हणून इथे समुद्रातून बंदरात येताना लाल उजवीकडे ठेवायचा. सराव परीक्षेत हा प्रश्न मी आत्मविश्वासाने चुकवला, आणि चुकीचं उत्तर इतकं पक्कं बसलं होतं की शेवटपर्यंत मनातल्या मनात "काकांच्या उलटं, काकांच्या उलटं" असं म्हणूनच उत्तर देत होते. बोटीवरचे दिवे मात्र जगभर सारखेच, डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा. दोन्हींची गल्लत करू नका.

प्रात्यक्षिक. याची तयारी घरात होते, दोरीने. दीडेक मीटरची जाड दोरी आणा आणि टेबलाच्या पायाला गाठी मारत बसा. मोयाइ मुसुबि ही सगळ्यात महत्त्वाची, दोरीच्या टोकाला न सरकणारा फास. ती डोळे मिटून यायला हवी, कारण परीक्षक समोर उभा असतो तेव्हा बोटं लाकडासारखी होतात. क्लीटला, म्हणजे दोरी अडकवायच्या खुंटीला, दोरी बांधणं हेही. आणि दोरी अंगाखांद्यावर घेऊन खेळू नका, माझ्या मुलाने मला खुर्चीला बांधलं होतं.

बोटीवर ओरडावं लागतं. हे आधी सांगून ठेवते, नाहीतर लाजेने मार्क जातात. सुटायच्या आधी मागे वळून बघायचं, उजवीकडे बघायचं, डावीकडे बघायचं आणि प्रत्येक वेळी बोट दाखवून मोठ्याने "योशी!", म्हणजे "ठीक!", म्हणायचं. वेग वाढवताना पुन्हा, वळताना पुन्हा. मनातल्या मनात बघितलं तर परीक्षकाला काय कळणार? मी पहिल्या दिवशी पुटपुटत होते, मास्तर म्हणाले, "समुद्राला ऐकू गेलं नाही." दुसऱ्या दिवसापासून मी अशी ओरडले की शेजारच्या बोटीतले वळून बघायला लागले. इंजिन तपासणीत तेल, इंधन, बॅटरी, पट्टा, तळात पाणी साचलंय का, हे सगळं हात लावून दाखवायचं, नुसतं "ठीक आहे" म्हणायचं नाही. माणूस पाण्यात पडला असं समजून एक तरंगता बोया उचलायला लावतात, तिथे घाई करू नका, हळू जवळ जा आणि तो बोटीच्या बाजूला आला की गिअर न्यूट्रल, कारण पाण्यातल्या माणसाजवळ पंखा फिरता ठेवणं याहून मोठी चूक नाही. बोयांमधून नागमोडी काढणं सोपंच, स्टीअरिंग जास्त फिरवू नका म्हणजे झालं.

कपडे: बुटाचा तळवा न घसरणारा, टोपीला दोरी, आत कोरडे मोजे. लाइफ जॅकेट शाळा देते, पण नंतर स्वतःचं घ्याल तेव्हा साकुरा मार्क, म्हणजे सरकारी मान्यतेचा शिक्का, असलेलंच घ्या, स्वस्तातलं इंटरनेटवरचं नको. २०१८ च्या फेब्रुवारीपासून छोट्या बोटीच्या उघड्या डेकवर सगळ्यांना ते घालणं सक्तीचं आहे आणि २०२२ च्या फेब्रुवारीपासून कुणी न घातल्यास चालकाच्या लायसन्सवर दंडाचे पॉइंट चढतात. पाहुण्याने नाही घातलं तरी पॉइंट तुमच्यावर. मावशी म्हणाल्या "मला गुदमरतं" तरी घालायलाच लावायचं.

पास झालात की थांबू नका. पास झाल्यापासून एक वर्षाच्या आत लायसन्सचा अर्ज करायचा असतो, नाहीतर सगळं पाण्यात. शाळेतून केलंत तर अर्ज बहुतेक तेच पुढे पाठवतात, स्वतः केलंत तर तुम्ही. आणि अर्जाच्या वेळी पुन्हा एकदा विचारून घ्या, जूमिनह्यो आहे ना, त्यावर कोकुसेकि आहे ना. हसू नका. माझ्या ओळखीतला एक बंगाली मुलगा परीक्षा पास होऊन याच पायरीला अडकला, तीच चौकट!

लायसन्स हातात आल्यावर दोन गोष्टी. एक, मित्राला सुकाणू धरायला दिलंत तरी बंदरात आणि ठरवून दिलेल्या जलमार्गात स्वतःच चालवायचं, तुम्ही शेजारी बसलाय हे तिथे चालत नाही. तोक्यो बेच्या तोंडाशी उरागा चॅनलच्या मार्गावर बारा नॉटची, म्हणजे ताशी बारा सागरी मैलांची, मर्यादा आहे आणि तिथून डोंगराएवढी कंटेनर जहाजं जातात, तिकडे फिरकूच नका पहिल्या वर्षी. दुसरी, पैसे घेऊन माणसं नेणं हे या लायसन्सवर नाही, त्याला वेगळं तोकुतेइ लागतं, आणि शिरेतोकोला २०२२ साली पर्यटकांची बोट बुडून सव्वीस माणसं गेल्यानंतर ते मिळवणं २०२४ पासून आणखी कडक झालंय.

दर पाच वर्षांनी नूतनीकरण, मुदत संपायच्या आधीच्या एका वर्षात कधीही करता येतं. सरकार आठवण करून देणारं पत्र पाठवत नाही, फोनमध्ये तारीख टाका. पत्ता बदलला तर लायसन्सवरही बदलून घ्या. त्यासाठी काय लागतं ते सांगू का? जूमिनह्यो.