मासे पार्सलने पाठवताय? पिशवी कशी उघडायची तेही सांगा

सांगलीहून पुण्याला ट्रॅव्हल्सने पाच-सहा तास, मुंबईला रात्रभर. नीट बांधलेले गप्पी, मॉली, एंजल असे टँकमधले शोभेचे मासे एवढा प्रवास सहज काढतात. बरेचदा ते दगावतात पोहोचल्यावर, आणि बोल मात्र पाठवणाऱ्याला लागतो.

निघण्याआधी लहान माशांना एक दिवस, मोठ्यांना दोन दिवस उपाशी ठेवा. वाटेत भूक लागेल म्हणून चिमूटभर दाणे टाकणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार! खाल्लेलं सगळं पिशवीतच बाहेर पडतं.

पिशवीत एक भाग पाणी, दोन-तीन भाग सिलिंडरचा ऑक्सिजन. पाणी जास्त भरून फक्त वजन वाढतं. पिशवी दुहेरी घ्या, काटेवाल्या कॅटफिशला तिहेरी. कोपरे रबराने बांधा, तिथे पिल्लं चेंगरतात. फायटर मासा एकेकटाच ठेवा. तो वर येऊन श्वास घेतो, त्याला साधी हवा पुरते. मग थर्माकोलचा बॉक्स, चिकटपट्टी. एप्रिल-मेमध्ये रात्रीचीच गाडी.

आता पिशवी उघडणं. मला सगळ्यात जास्त छळलं ते याच टप्प्याने. सगळीकडे एकच सल्ला मिळतो: पिशवी उघडा आणि तासभर टँकचं पाणी थेंबथेंब सोडा. शेजारच्या दुकानातून आणलेल्या माशाला ते ठीक. रात्रभर बंद राहिलेल्या पिशवीत हे करू नका, अजिबात नाही.

कारण असं: माशांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड पाण्यात साठतो, पाणी आम्लधर्मी होतं, पीएच उतरतो. माशांनी सोडलेला अमोनियाही त्यातच असतो, पण अशा पाण्यात तो बहुतेक अमोनियम रूपात राहतो आणि फारसा बाधत नाही. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. त्यात तुम्ही मासा तासभर भिजत ठेवता! वर निळं औषध (मिथिलीन ब्लू) टाकून काही होत नाही, अमोनिया तसाच राहतो.

म्हणून पिशवी न उघडता वीसेक मिनिटं टँकवर तरंगत ठेवा, तापमान जुळू द्या. मग उघडा आणि लगेच मासे जाळीने उचलून टँकमध्ये सोडा. पिशवीतलं पाणी मोरीत.

पाण्याच्या जडपणाची काळजी मासे निघायच्या आधी करायची. माझ्याकडे बोअरचं जड पाणी आहे. घेणाऱ्याकडे हलकं असेल तर मी आधीच माझ्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) कळवतो आणि साधारण तेवढ्याच टीडीएसच्या पाण्याचा वेगळा टँक तयार ठेवायला लावतो. ज्याला एवढी तसदी नको, त्याला मी मासे पाठवत नाही.

उघडण्याची रीत बॉक्सच्या झाकणावर मार्करने लिहा. फोनवर सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही. त्या दिवशी टँकचा लाईट बंद, आणि खाणं दुसऱ्या दिवशी, तेही थोडंच.