ट्रकच्या इंजिनातील तुटलेली व्हॉल्व्ह स्प्रिंग घरी बदलण्यापूर्वीची तयारी

व्हॉल्व्हची स्प्रिंग तुटली की हेड (सिलिंडरांवरचे झाकण, ज्यात व्हॉल्व्ह बसतात) उतरवावेच लागणार, असे बहुतेक गाडीमालक धरून चालतात. टाटांच्या अनेक ट्रकमध्ये बसवलेल्या कमिन्सच्या सहा सिलिंडरी, 5.9 लिटर, बारा व्हॉल्व्हच्या इंजिनात मात्र हे काम हेड जागेवर ठेवूनच करता येते आणि मुंबईत मानखुर्द, भांडुपसारख्या भागात घरालगत गाडी उभी करण्यापुरती स्वतःची जागा असेल तर घरीही करता येते. पुढील यादी याच इंजिनासाठी आहे.

पहिली तयारी हत्यारांची नसून निदानाची आहे. स्प्रिंग चालत्या गाडीत तुटली असेल तर सैल पडलेल्या व्हॉल्व्हला पिस्टनचा मार बसलेला असू शकतो, म्हणून ‘एकदा चालू करून ऐकू या’ हा मोह कटाक्षाने टाळावा. त्या सिलिंडरचा पुशरॉड (खालून रॉकरला ढकलून व्हॉल्व्ह उघडणारी लांब सळई) काचेवर लोळवून पाहावा. वाकलेला असेल तर तो लगेच डुगडुगतो. मग त्या सिलिंडरचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीला, म्हणजे अगदी वरच्या टोकाला, आणून, नोझलच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडून कान द्यावा. हवेच्या जोराने इंजिन फिरू शकते, त्यामुळे गिअर न्यूट्रल ठेवावा आणि इंजिन फिरवण्याचे हत्यार आधी काढून घ्यावे. इनटेककडून किंवा सायलेन्सरमधून हवा सतत सुसाटत असेल तर व्हॉल्व्ह वाकला आहे किंवा तो जिथे घट्ट टेकतो ती सीट गेली आहे असे समजावे. मग हेड उतरवून मशीन शॉपला देण्यावाचून गत्यंतर नाही आणि नव्या स्प्रिंगवर पैसे घालण्यात अर्थ नाही.

जागा सपाट आणि पक्क्या जमिनीची असावी. सार्वजनिक रस्त्यावर इंजिन उघडू नये, आणि सोसायटीच्या आवारात काम करायचे असेल तर परवानगी आधीच घ्यावी. पावसाळ्यात काम अडलेच तर ताडपत्री केबिनवरून पुढे ओढून चारही टोकांना बांधावी. सखल भागात तेवढ्याने भागत नाही. मोठी भरती आणि जोराचा पाऊस एकाच वेळी आले की पाणी तुंबते, म्हणून त्या दिवसाच्या भरतीची वेळ पाहूनच इंजिन उघडावे. चाकांना लाकडी ठोकळे लावावेत, हँडब्रेक ओढावा, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून बाजूला बांधून ठेवावी आणि इंजिन रात्रभर थंड होऊ द्यावे.

सामान एक दिवस आधीच घरात यावे. पाने, गोट्या (सॉकेट), टॉर्क रेंच आणि फिलर गेज नागदेवी स्ट्रीटला मिळतात, पण रविवारी तिथली बहुतेक दुकाने बंद असतात आणि घरचे काम नेमके रविवारीच निघते. एकच स्प्रिंग तुटली असली तरी बाराही आणाव्यात असे माझे ठाम मत आहे, कारण उरलेल्या अकरा तितकेच किलोमीटर चाललेल्या असतात. नवी स्प्रिंग सपाट काचेवर उभी करून गुण्याने सरळपणा तपासावा आणि उंची व्हर्नियरने एकमेकींशी ताडून पाहावी. सोबत व्हॉल्व्हचे ऑइल सील, टॅपेट कव्हरचे पॅकिंग, इंजिन ऑइल आणि ऑइल फिल्टर घ्यावा. स्प्रिंग दाबण्याचे हत्यार याच हेडला बसणारे असावे. दुसऱ्या हेडचे हत्यार मध्येच घसरले तर कॉटर (स्प्रिंगला व्हॉल्व्हच्या दांड्यावर अडकवून ठेवणारी लहान पाचर) गोळीसारखा उडतो, म्हणून डोळ्यांवर चष्माही हवाच.

या इंजिनाची एक गोष्ट माहीत नसेल तर नुकसान होते. रॉकर स्टँडमधून (व्हॉल्व्ह दाबणारा रॉकर ज्यावर बसतो त्या आधारातून) जाणारा लांब बोल्ट हा हेडचाही बोल्ट असतो. सहाही स्टँड एकदम सैल करू नयेत. ज्या सिलिंडरवर काम आहे तेवढाच उघडावा आणि पुढच्याला हात लावण्यापूर्वी मॅन्युअलमधील टप्प्यांप्रमाणे टॉर्क देऊन पक्का करावा. ते पान आधीच काढून समोर चिकटवावे. निघालेल्या बोल्टची लांबी मोजावी आणि ताणलेला बोल्ट परत वापरू नये.

पिस्टन वर असणे हाच या कामाचा सगळा आधार आहे, कारण स्प्रिंग काढल्यावर व्हॉल्व्ह त्याच्यावरच टेकतो. या इंजिनात 1 आणि 6, 2 आणि 5, 3 आणि 4 हे पिस्टन जोडीने वर येतात, त्यामुळे क्रँक फक्त तीन जागी थांबवला की बाराही व्हॉल्व्ह होतात. त्यासाठी पुढच्या पुलीभोवती कागदाची पट्टी गुंडाळून, तिच्या तीन सारख्या घड्या घालून रंगाने तीन खुणा कराव्यात. पहिली खूण टायमिंग पिन लावून एक नंबरच्या टीडीसीवरून घ्यावी आणि क्रँक फिरवण्यापूर्वी पिन आठवणीने बाहेर ओढावी, नाहीतर ती तुटते. फिरवायला फ्लायव्हील हाउसिंगमधून घालायचे बारिंग टूल मिळवून ठेवावे. स्प्रिंग दाबताना व्हॉल्व्ह थोडा खाली जाऊन पिस्टनला टेकल्याचे हाताला कळते. तो टेकण्याऐवजी खाली जातच राहिला तर तिथेच थांबावे, खूण चुकली आहे. स्प्रिंग निघालेली असताना क्रँक केसभरही फिरवू नये.

लहान वस्तूंची व्यवस्था सर्वांत बारकाईने करावी. अर्ध्या शंकूच्या आकाराचा कॉटर नखाएवढा असतो आणि हेडमधील पुशरॉडची व तेलाची भोके त्याला गिळायला पुरेशी असतात. ही भोके जुन्या सुती लुगड्याच्या बोळ्यांनी बंद करावीत. किती बोळे घातले ते खडूने लिहून ठेवावे आणि शेवटी तितकेच बाहेर आले की नाही ते मोजावे. कॉटन वेस्टचे धागे सुटतात, म्हणून ते वापरू नये. कॉटर उचलायला लांब चुंबक आणि परत बसवताना तो दांड्याला चिकटून राहावा म्हणून बोटभर ग्रीस जवळ असावे. मिठाईच्या खोक्याच्या झाकणाला भोके पाडून नंबर घालावेत आणि पुशरॉड त्यांत क्रमाने उभे करावेत, कारण रॉकर आणि पुशरॉड एकमेकांशी घासून जुळलेले असतात व त्यांची अदलाबदल चालत नाही.

तुटलेल्या स्प्रिंगसाठी एक पांढरा कपडा वेगळा ठेवावा. त्यावर तिचे तुकडे, फुटलेली बांगडी जुळवावी तसे, टोकाला टोक लावून पाहावेत; एक टवका जरी कमी भरला तरी तो सापडेपर्यंत, प्रसंगी ऑइल चेंबर उतरवूनही, शोध घ्यावा. तुटलेल्या तोंडाचा रंगही पाहावा. काठाजवळ काळपट डाग आणि बाकीचा भाग चकचकीत करडा असेल तर तडा जुना असतो, आणि त्या डागाशी गंजाचा बारीक खड्डा दिसला तर तडा तिथूनच सुरू झाला असण्याची शक्यता मोठी. आमच्या गाडीत तसेच निघाले. ती एक अख्खा पावसाळा न चालवता उभी होती.

जुने तेल गटारात ओतू नये. त्यासाठी झाकणाचा कॅन आणून ठेवावा आणि तो परवानाधारक तेल घेणाऱ्याकडे द्यावा.

वेळ मोजताना शेवटचे दोन तास वेगळे काढावेत. त्यांत थंड इंजिनावर इनटेकला 0.25 आणि एक्झॉस्टला 0.50 मिलिमीटर टॅपेट सेटिंग (रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट), बोळ्यांची मोजणी आणि स्टार्टरला हात लावण्यापूर्वी क्रँकचे हाताने दोन पूर्ण फेरे एवढे बसते. फेरा मध्येच अडला तर जोर लावू नये आणि कव्हर पुन्हा उघडावे. तेवढा उजेड शिल्लक राहील अशा बेताने काम सकाळी सातलाच सुरू करावे.