वाइनची मोठी बाटली मागवताना

गोव्यात लग्नासाठी किंवा नाताळच्या जेवणासाठी वाइनची मोठी बाटली मागवायची असेल, तर विक्रेत्याला नावाबरोबर लिटरही सांगावेत. नेहमीची बाटली ७५० मिलिलिटरची असते आणि तिच्या दुप्पट ती मॅग्नम. इथपर्यंत घोटाळा होत नाही. जेरोबोम हे नाव मात्र फसवे आहे, कारण फ्रान्सच्या शँपेन प्रांतात ती ३ लिटरची असते, तर तिथल्याच बोर्दो प्रांतात ५ लिटरची, आणि जुन्या साठ्यात ४.५ लिटरचीही सापडते. बोर्दोतील ३ लिटरच्या बाटलीला डबल मॅग्नम म्हणतात. माझ्या पुतणीच्या लग्नात आम्ही तांबड्या वाइनचा नुसता ‘जेरोबोम’ सांगितला, ३ लिटरची बाटली आली आणि पहिली पंगत उठायच्या आत ती रिकामी झाली.

पुढची नावेही बहुतेक बायबलमधलीच आहेत : रेहोबोम ४.५ लिटर, मेथुझेला ६ (बोर्दोत हीच इम्पेरियल), साल्मानाझार ९, बाल्थाझार १२, नेबुकदनेझर १५ आणि मेल्कियोर १८. यांतले बाल्थाझार आणि मेल्कियोर गोव्याला परके नाहीत. ६ जानेवारीला चांदर, कासावली आणि रेईश मागूश येथे बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या ज्या तीन राजांचे फेस्त होते, त्यांतलेच हे दोघे.

घरगुती समारंभाला मॅग्नमच घ्यावी, असे माझे मत आहे. तिच्यात वाइन दुप्पट असली तरी बुचाजवळची हवा जवळजवळ तेवढीच राहते, त्यामुळे वाइन सावकाश मुरते. शँपेनच्या ३ लिटरपुढच्या बाटल्या बहुधा लहान बाटल्यांतली तयार वाइन ओतून भरतात, म्हणून तो लाभ तिथे उरत नाही. उरते ती शोभा. १२५ मिलिलिटरच्या पेल्याने मॅग्नममध्ये बारा जणांची सोय होते.

मॅग्नम घरच्या फ्रीजमध्ये क्वचितच मावते. खोल बादलीत निम्मा बर्फ, निम्मे पाणी आणि मूठभर मीठ घालून ती मानेपर्यंत बुडवावी आणि नेहमीच्या बाटलीला अर्धा तास पुरत असेल, तर हिला तासभर द्यावा. बादली उथळ असेल तर मानेतली वाइन कोमट राहते आणि पहिलाच पेला बिघडतो. शँपेन उघडताना बूच मुठीत घट्ट धरून बाटली फिरवावी. भरलेली मॅग्नम सुमारे ३ किलोची असते, म्हणून ओतताना एक हात तळाखाली आणि दुसरा पोटाशी ठेवावा; फेणीचा बुधला तिरका करणाऱ्या हाताला ही पकड शिकवावी लागत नाही. ६ लिटरच्या पुढे मात्र एकाने बाटली कलती करावी, दुसऱ्याने जग धरावा आणि पेले जगातूनच भरावेत.