परवानगीचा कायदा आणि पैशांचा कायदा

वॉशिंग्टनमध्ये सार्वजनिक धोरणाचं शिक्षण घेताना दुसऱ्या सत्रात मी एका छोट्या संस्थेत इंटर्नशिप केली. परराष्ट्र खात्याच्या खर्चाची विधेयकं अमेरिकी काँग्रेसमध्ये कुठवर आली, याचं एक पानी टिपण दर शुक्रवारी द्यायचं, हे माझं काम. पहिल्याच टिपणात मी एका कार्यक्रमाला अमुक इतके डॉलर 'मंजूर' झाल्याचं लिहिलं. आमच्या वरिष्ठ बाईंनी त्या शब्दाभोवती पेन्सिलीने गोल काढून कागद परत दिला. समासात एकच प्रश्न होता: परवानगी की पैसे?

या क्षेत्रात येणाऱ्या मराठी मुलामुलींनी हा प्रश्न पहिल्या दिवसापासून गाठीशी ठेवावा, म्हणून हे लिहिते आहे.

आपल्या डोक्यात भारतातला अर्थसंकल्प असतो. सरकार अनुदानाच्या मागण्या मांडतं, लोकसभा त्यावर मतदान करते, विनियोजन विधेयक संमत होतं. सरकारकडे बहुमत असतंच, त्यामुळे निकाल आधीच माहीत असतो. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षांनी पाठवलेला अर्थसंकल्प हा फक्त प्रस्ताव. खर्चाचं काय ते काँग्रेस ठरवते, आणि तेही दोन वेगळ्या कायद्यांनी. जिल्हा परिषदेची कामं जवळून पाहिलेल्यांना हे लगेच कळेल. रस्त्याला प्रशासकीय मान्यता मिळते, पण निधी येईपर्यंत खडीचा एक ट्रकही पडत नाही. ऑथरायझेशन म्हणजे ती मान्यता, म्हणजेच परवानगी; अप्रोप्रिएशन म्हणजे निधी, म्हणजेच पैसे.

मान्यतेचं विधेयक सिनेटच्या परराष्ट्र संबंध समितीकडे आणि हाउसच्या, म्हणजे प्रतिनिधीगृहाच्या, परराष्ट्र व्यवहार समितीकडे जातं. निधीचं विधेयक दोन्ही सभागृहांच्या विनियोजन समित्यांकडे. आधी सुनावणी, मग 'मार्कअप', म्हणजे मसुद्यावर दुरुस्त्या आणि मतदान. हाउसच्या परराष्ट्र व्यवहार समितीच्या सुनावण्या रेबर्न इमारतीतल्या 2172 क्रमांकाच्या दालनात होतात आणि एरवी त्या कुणालाही बसून ऐकता येतात. जरूर जा. पुढे सभागृहातलं मतदान. सिनेटमध्ये चर्चा थांबवायलाच सहसा 60 मतं लागतात. दोन्हीकडे शब्दशः एकच मसुदा संमत झाला की तो राष्ट्राध्यक्षांच्या सहीला जातो.

पाठ्यपुस्तक इथे थांबतं. खरी गंमत पुढे आहे.

परराष्ट्र खात्याच्या 1956 च्या मूलभूत कायद्याचं कलम 15 सांगतं की आधी मान्यता, मगच खर्च. असं असूनही 2002 मध्ये संपूर्ण मान्यता कायदा झाला, त्यानंतरचा थेट डिसेंबर 2016 मध्ये. परदेशी मदतीचं तर त्याहून अवघड: मूळ कायदा 1961 चा, आणि तिच्यासाठीचा शेवटचा सर्वसमावेशक मान्यता कायदा 1985 चा. मग मधल्या वर्षांत वकिलाती चालल्या कशा? याचं उत्तर मला एका रात्री ग्रंथालयात सापडलं. निधीच्या कायद्यात कलम 7022 म्हणून एक छोटा परिच्छेद असतो. त्याचा मथितार्थ असा: 1956 च्या कलम 15 मध्ये काहीही म्हटलेलं असलं, तरी हा पैसा खर्च करता येईल. शेकडो पानांच्या कायद्यातल्या त्या चार-पाच ओळी मी पुन्हापुन्हा वाचल्या. वर्षानुवर्षांची अडचण त्यांनी दर वेळी एका वाक्यात बाजूला सारली होती. तेव्हापासून मी कुठलंही विधेयक हातात घेतलं की शेवटची 'सर्वसाधारण तरतुदी' ही प्रकरणं आधी वाचते. तुम्हीही तसंच करा.

दुसरी वाट संरक्षण खात्याच्या वार्षिक मान्यता विधेयकाची. ते साठहून अधिक वर्षं दरवर्षी न चुकता संमत होत आलं आहे, म्हणून परराष्ट्र खात्याचा मान्यता कायदा 2021 पासून सलग चार डिसेंबर त्याच्याच पोटात बसून आला. स्वतंत्र विधेयक समितीत अडलं म्हणून टिपणात 'बारगळलं' असं लिहू नका. त्यातली कलमं संरक्षण विधेयकात शोधा. मसुदे काँग्रेसच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. बातमी वाचून लिहिण्यापेक्षा ते उघडून वाचायला वेळ लागतो, पण त्याला पर्याय नाही. या आकड्यांच्या दुसऱ्या टोकाला कुणाचं तरी एचआयव्हीचं औषध असतं, कुठल्या तरी छावणीतलं धान्य असतं. आपण शब्द चुकवला तर त्या लोकांबद्दल चुकीची बातमी जाते.

माझ्या तक्त्यात तेव्हा दोन रकाने होते, 'परवानगी' आणि 'पैसे'. आधी दिलेले सुमारे नऊ अब्ज डॉलर 24 जुलै 2025 रोजी एका कायद्याने परत घेतले गेले, त्यातला बहुतेक पैसा परदेशी मदतीचा होता. त्या आठवड्यात मी तिसरा रकाना आखला: 'परत घेतले'.