पंधरा जणांचा गट आणि लिस्बनचा एक दिवस

लिस्बन टेकड्यांवर वसलेले असल्यामुळे मोठ्या गटाने दिवस आखताना अंतराआधी चढाचा विचार करावा. सकाळ तेजू नदीकाठच्या सपाट बेलें भागासाठी राखावी आणि दुपारनंतर किल्ल्यापासून खाली उतरत यावे. सोमवार मात्र टाळावा, कारण त्या दिवशी बेलेंमधील जेरोनिमुश मठ बंद असतो.

फिगैरा चौकातून १५ई क्रमांकाची ट्राम बेलेंला जाते. मठाची तिकिटे आधीच ऑनलाइन काढावीत आणि दार उघडण्याच्या सुमारास तेथे पोहोचावे. सोळाव्या शतकाच्या आरंभी बांधायला घेतलेल्या या मठाचा बराचसा खर्च मसाल्याच्या व्यापारावरील पाच टक्के करातून भागवला गेला. येथील दगडात कोरलेल्या दोरखंडांमागे मलबारच्या मिरीचा पैसा आहे. लगतच्या चर्चमध्ये वास्को द गामाची कबर आहे. १५२४ मध्ये तो कोचीला वारला आणि त्याचे अवशेष पुढे पोर्तुगालला नेण्यात आले. गोव्याचा इतिहास ठाऊक असलेली मंडळी येथे रेंगाळणारच, म्हणून अर्धा तास जादा धरावा. जवळच १८३७ पासून चालत आलेल्या दुकानातील प्रसिद्ध गोड पदार्थात अंड्याचा बलक असतो, हे शाकाहारी सदस्यांना आधीच सांगून ठेवावे.

जेवणानंतर साओ जॉर्ज किल्ल्यावर टॅक्सीने जावे. २८ क्रमांकाची पिवळी ट्राम छायाचित्रांत देखणी दिसते, परंतु त्या चिमुकल्या डब्यात सर्वांनी एकदम चढण्याचा हट्ट धरल्यास निम्मी मंडळी थांब्यावरच राहतात आणि गर्दीत खिसेकापूंचे फावते.

किल्ल्यावरून पोर्ताश दु सोल या सज्जावर थोडे थांबून आल्फामाच्या बोळांतून उतरावे. १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपातून हा भाग बराचसा वाचला, तर खालची बायशा पेठ पोंबाल या मंत्र्याच्या देखरेखीखाली सरळ रेषेत नव्याने वसवली गेली. वाकड्या बोळांतून त्या पेठेत पाऊल टाकताच हा फरक ध्यानात येतो. चुनखडीची फरसबंदी गुळगुळीत असल्याने पकड असलेले बूट घालावेत, आणि वाट दाखवणाऱ्याइतकाच शेवटून चालणारा माणूसही आधी नेमावा. बोळांत कोणी मागे राहिलेच, तर त्याने इतरांना शोधत न फिरता उताराने कोमेर्सियु चौकात येऊन मधोमध उभ्या असलेल्या राजा पहिला जोझे याच्या अश्वारूढ पुतळ्यापाशी थांबावे.